हवेत नसलेला सूर

शस्त्रक्रियेनंतर सहाव्या दिवशी डॉक्टरांनी विचारले, कानात आवाज येतो का. येतो, असे मी सांगितले. कसा येतो, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. या प्रश्नाला रुग्ण शिट्टी, रातकिडे, कुकर अशी उत्तरे देतात, हे मला नंतर समजले. मी म्हणालो, "तार सप्तकातली काळी चार. किंचित उतरलेली." आम्ही कन्नडमध्ये बोलत होतो आणि माझे कन्नड वाईट नाही, तरीही हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचले नाही. त्यांनी कागदावर 'शिट्टीसारखा' असे लिहिले. मी ते वाचले. दुरुस्ती सुचवली नाही.

मी पेट्या दुरुस्त करतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. मी मूळचा बेळगावकडचा. या कानडी शहरातल्या, पुण्याच्या नव्हे, शिवाजीनगरात बसस्थानकामागच्या गल्लीत माझे दुकान आहे आणि त्याला एकेचाळीस वर्षे झाली. फाटलेला भाता, सैल झालेल्या पट्ट्या ही कामे कोणीही करू शकतो. माझे काम सूर लावण्याचे. ते मी यंत्राने करत नाही.

डाव्या कानाच्या आत, जिथून ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची नस मेंदूकडे जाते, तिथे एक गाठ वाढली होती. गाठ साधी होती, पसरणारी नव्हती. परंतु जागा वाईट होती. ती काढताना डाव्या कानाचे ऐकणे जाईल, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितले होते. त्याप्रमाणे ते गेले. ऐकणे गेलेल्या कानात आवाज मात्र राहू शकतो, हेही त्यांनी सांगितले होते. ते मी ऐकले होते, पण त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता. जो कान बाहेरचे काहीच आत घेत नाही, त्यात हा सूर कोण धरून बसले आहे? मला त्रास झाला, हे खरे. पण त्रासापेक्षा हा प्रश्न मोठा होता.

घरी आल्यावर पहिले तीन आठवडे भिंतीला हात लावून चालण्यात गेले. आमचे घर हेब्बाळला, मुलाच्या फ्लॅटमध्ये. तोल हळूहळू सुधारला. एक गोष्ट सुधारली नाही आणि सुधारणार नाही: आवाज कोणत्या दिशेने आला, ते मला कळत नाही. दिशा कळायला दोन कान लागतात. पत्नीने हाक मारली की मी आधी बाल्कनीत जाऊन पाहतो, मग बेडरूममध्ये. ती स्वयंपाकघरात असते. तिने काही दिवस हे पाहिले आणि एकदा म्हणाली, "अहो, लग्नानंतर पहिल्यांदाच मला इतकं शोधताय. स्वल्प आधी सुरू करायचं होतं."

सून पुण्याची, एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने माझ्या फोनवर पावसाचा, धबधब्याचा आवाज देणारे एक ॲप घालून दिले. बाहेर असा सौम्य आवाज चालू ठेवला की आतला मागे सरतो, असे डॉक्टरांनीही सांगितले होते. ते खरे निघाले. पण फोनमधला पाऊस दर चाळीस सेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि तो सांधा मला ऐकू येई. मी छताचा पंखा दोनवर ठेवून काम भागवले. पंखा सांधा दाखवत नाही.

आता अक्कांविषयी सांगितले पाहिजे. अक्का इंदिरानगरात राहतात, मूळच्या धारवाडच्या, वय माझ्याएवढेच. घरी गाणे शिकवतात. त्यांची पेटी तीस वर्षे मीच लावत आलो आहे, आणि ती त्यांच्या गळ्याप्रमाणे लावावी लागते. यात एक कारागिरीची गोष्ट आहे. बाजारात मिळणाऱ्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. ती कोणत्याही पट्टीत चालते आणि कोणत्याच पट्टीत पूर्ण खरी नसते. अक्कांची काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, ठरलेली आहे. ती षड्ज धरून बाकीचे सूर असे लावायचे की षड्जाबरोबर वाजवल्यावर दोघांत लाट उरू नये. दोन सूर जुळत आले, पण पूर्ण जुळले नाहीत, की त्यांच्यात एक हेलकावा ऐकू येतो. तीच लाट. रीड म्हणजे पितळेची पातळ जीभ. ती टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. घासत जायचे, लाट मंद होत जाते, आणि एका क्षणी थांबते. तिथे हात थांबवायचा. माझे सगळे काम एवढेच आहे.

सूनबाईने एकदा सुचवले, "बाबा, ट्यूनरचं ॲप आहे ना. सुई मध्ये आली की झालं." मी तिला सांगितले की अक्कांचा गंधार त्या सुईच्या बराच डावीकडे असतो. तिने फोन खाली ठेवला आणि तो डावीकडे का असतो, हे अर्धा तास विचारून घेतले. प्रश्न चांगले होते.

गाठीचे निदान झाले त्याच आठवड्यात अक्कांची पेटी दुकानात येऊन पडली होती. ओल लागून निम्मे सूर हलले होते. शस्त्रक्रियेला दोन महिने झाल्यावर त्या मला भेटायला घरी आल्या. प्रकृतीची चौकशी तीन वाक्यांत संपली. मग म्हणाल्या, "अण्णा, कान एक गेला. जीभ आहे ना शाबूत? मग होणार की नाही, तेवढं सांगा. नाही म्हणालात तर मी पेटी मिरजेला पाठवते. माझ्या मुली सहा महिने तंबोऱ्यावर गातायत, त्यांना आता खोड लागेल चांगलं गायची."

मी एक महिना मागितला. त्यांनी दिला. मला जे ठरवायचे होते ते त्या महिन्यात ठरणार होते. पेटी लावता आली तर दुकान राहील. आली नाही तर मी ते बंद करीन. भाते शिवून दिवस काढण्यासाठी मी ते उघडले नव्हते.

काम हाती घेण्यापूर्वी शेजारी कोण बसले आहे, ते पाहणे आवश्यक होते. मी एक वही केली आणि दुपारी जेवणानंतर, घर रिकामे असताना, कानातल्या आवाजाची तपासणी सुरू केली. निष्कर्ष असे. दात घट्ट मिटले की सूर अर्ध्या स्वराने चढतो. मान मागे टाकली की फरक नाही. कॉफीने फरक नाही. पत्नीला तो हवा होता, कारण तिला माझी तिसरी कॉफी बंद करायची होती. शिंक आली की दोन सेकंद पूर्ण शांतता, आणि मग आवाज जणू जागा चुकली होती अशा घाईने परततो. ही दोन सेकंदे मी मुद्दाम मिळवण्याचा प्रयत्न केला. तपकीर आणली. पत्नीने ती फेकून दिली.

एक दिवस मी घरातली लहान पेटी काढली आणि कानातल्या सुराशी जुळणारी पट्टी शोधली. ती सापडली. तार सप्तकातली काळी चार, किंचित उतरलेली. रुग्णालयात सांगितले होते तेच. मी रीड काढून मुळाशी थोडी घासली आणि बाहेरचा सूर आतल्याच्या अगदी जवळ आणला. आता दोघांत लाट उठायला हवी होती. उठली नाही. मी रीड आणखी उतरवली, मग टोकाशी घासून चढवली. एकाच खोलीत दोन बेसूर सूर वाजत होते आणि त्यांच्यात कसलाही हेलकावा नव्हता. एकेचाळीस वर्षांत मी असे कधी ऐकले नव्हते.

मी बराच वेळ भाता हलवत बसलो. लाट हवेत होते. दोन सूर हवेत एकमेकांना भेटतात तेव्हा ती उठते. म्हणजे हा सूर हवेत नव्हताच. तो ऐकू येत होता, पण वाजत नव्हता. पुढच्या भेटीत मी हे डॉक्टरांना सांगितले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि या वेळी कागदावर जास्त लिहिले. कान जे पाठवत नाही ते मेंदू स्वतःच भरून काढतो, असे साधारण समजले जाते, असे ते म्हणाले. नक्की कसे, ते कोणालाच ठाऊक नाही. एवढे शिकलेला माणूस ठाऊक नाही म्हणतो, तेव्हा मला त्याच्याविषयी भरवसा वाटतो.

या शोधातून मी एक अनुमान काढले, आणि ते चुकीचे होते. मला वाटले, जो सूर लाट उठवत नाही तो माझ्या कामात अडथळाही आणू शकत नाही. मी ठरवण्यासाठी लाटच ऐकतो. मग शेजारी हा बसला काय, नसला काय.

दुसऱ्या आठवड्यात मी दुकानात जाऊ लागलो. मुलगा सकाळी गाडीने सोडत असे. गल्लीतून चालताना मी भिंतीच्या बाजूने जाई, कारण मागून येणारी रिक्षा मला चारी बाजूंनी येत असल्यासारखी वाटे. अक्कांची पेटी टेबलावर घेतली, झाकण काढले आणि कामाला बसलो. पूर्वी मी पेटीसमोर सरळ बसत असे. आता डावा कान निरुपयोगी. म्हणून मी मान डावीकडे वळवली, उजवा कान पेटीवर आणला आणि नजर वाजणाऱ्या पट्टीवर ठेवली. ज्या कामाला पूर्वी दोन दिवस लागत त्याला आठ दिवस लागले. लाटा मंद झाल्या, थांबल्या. मी समाधानी होतो. हे लिहिताना जड जाते, पण होतो.

अक्का आल्या. त्यांनी षड्ज धरला आणि एकेक सूर घेत वर गेल्या. मंद्र सप्तकावर मान हलवली. मध्य सप्तकाच्या धैवतावर थांबल्या. पुढचा निषाद दोनदा वाजवला. तार सप्तकात गेल्यावर त्यांनी गाणे बंद केले आणि नुसतीच पेटी वाजवली. मग भाता मिटला.

"अण्णा, खालची माझी आहे," त्या म्हणाल्या. "वरची कुणाची?"

मी टेबलावरची कानस उचलून डब्यात ठेवली.

"रागावून नका बसू. मी खोटं सांगितलं असतं तर चाललं असतं का?"

नसते चालले. मी तसे म्हणालो. महिन्याचे दहा दिवस उरले होते. त्यांनी त्याविषयी काही काढले नाही आणि पेटी तिथेच ठेवून त्या गेल्या.

मी त्यांना चुकलेले सूर एकेक करून दाखवायला सांगितले होते आणि त्या पट्ट्यांवर खडूने खुणा केल्या होत्या. त्या गेल्यावर मी टेबलापासून मागे सरून पेटीकडे पाहिले. माझे ऐकणे ढासळले असते, तर खुणा सर्वत्र पसरलेल्या असत्या. त्या तशा नव्हत्या. डावीकडे एकही नव्हती. मध्यावर एक, मग एक सोडून एक, आणि उजव्या टोकाला सलग. चूक डावीकडून उजवीकडे वाढत गेली होती. वरचे सूर उजवीकडे असतात, हे खरे. पण अक्का म्हणाल्या होत्या, काही चढे आहेत, काही उतरलेले. कान थकला असता तर चूक एकाच बाजूला गेली असती, असे मला वाटले. ही चूक दिशाहीन होती. लाट थांबली असे मला वाटले होते आणि ती थांबलेली नव्हती.

मी पुन्हा त्याच आसनात बसलो. मान डावीकडे, उजवा कान पेटीवर. पेटी वाजवली नाही. फक्त नजर डाव्या टोकाच्या पट्टीवर ठेवली आणि सावकाश उजवीकडे नेली. मध्य ओलांडल्यावर कानातला आवाज चढू लागला. उजव्या टोकाला डोळे पूर्ण ताणले गेले, तेव्हा तो एका स्वराने वर गेला होता आणि दुप्पट मोठा झाला होता. नजर समोर आणली. आवाज खाली आला. पुन्हा उजवीकडे; पुन्हा चढला. डोळ्यांनी कानातला सूर वाजवता येत होता. दात, मान, कॉफी, तपकीर हे सगळे मी तपासले होते. डोळे तपासायचे माझ्या मनात आले नव्हते, कारण पेटी लावणाऱ्याच्या दृष्टीने डोळ्यांचा या कामाशी काही संबंध नसतो.

मग बाकीचे उलगडले. तो सूर लाट उठवत नव्हता, परंतु लाटेवर पांघरूण घालत होता. मी उजवीकडच्या पट्टीकडे पाहत रीड घासत असे. नजर तिकडे गेली की आवाज मोठा होई. त्याखाली बारीक लाट बुडून जाई. आणि मी लाट थांबली असे समजून हात थांबवत असे. बाजूच्या चहावाल्याने आत डोकावून विचारले, काय झाले. मी पाचव्यांदा डोळे डावीकडून उजवीकडे फिरवत होतो. प्रयोग चालू आहे, असे मी त्याला सांगितले. तो चहा ठेवून गेला.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितले की या शस्त्रक्रियेनंतर काहींना असे होते; डोळे फिरवण्याच्या आणि ऐकण्याच्या वाटा मेंदूत जवळून जातात, त्यामुळे एक ओस पडली की दुसरीची वर्दळ तिच्यात शिरत असावी. असावी, असेच ते म्हणाले. वही आणा, असेही म्हणाले.

उपाय साधा होता. नजर हलवायची नसेल, तर पेटी हलवायची. मी टेबलावर एक गुळगुळीत फळी टाकली, तिला मेण लावले आणि पेटी तिच्यावर ठेवली. समोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर, एक खिळा होता. त्यावर नजर ठेवून सरळ बसलो. वरच्या सुराकडे जायचे असेल तेव्हा पेटी डावीकडे सरकवायची. पट्टी बोटाने शोधायची. बोटांना ती आपसूक सापडते. उजवा कान पूर्वीइतका जवळ आला नाही, पण कानातला आवाज आपल्या जागी राहिला आणि त्याच्या खालून लाट ऐकू येऊ लागली. फार बारीक. पण येऊ लागली.

भीती वेगळी होती. त्या रीड जुन्या होत्या आणि नुकत्याच घासल्या होत्या. पितळ परत येत नाही. दुसऱ्यांदा घासणे त्यांना सोसले असते; तिसऱ्यांदा एखादी नक्कीच तुटली असती. म्हणून मी कानशीचा एक हात मारला की थांबे, खिळ्याकडे पाही, ऐके, आणि शंका आली तर दुकान बंद करून घरी जाई. एका निषादाला दोन दिवस लागले. सूनबाईने विचारले, आज किती झाले. मी म्हणालो, अर्धा. तिने पुढे विचारले नाही, पण त्या संध्याकाळी कॉफी तिने केली, आणि ती तिसरी होती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी अक्का दुकानात आल्या. मी फळी, खिळा, डोळे हे सर्व त्यांना सांगितले. त्यांनी फळी बोटाने सरकवून पाहिली आणि हसल्या. मग गायला बसल्या. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहिलो, म्हणजे माझा उजवा कान त्यांच्याकडे राहील.

मंद्र झाले. मध्य झाले. निषादावर त्या थांबल्या नाहीत. तार सप्तकाच्या गंधारावर थांबल्या. एकदा वाजवला. पुन्हा वाजवला, षड्जाबरोबर, आणि माझ्याकडे पाहिले.

"हा?"

"तो मी चार वेळा ऐकला," मी म्हणालो. "मला बरोबर वाटतो. पण तुम्ही सांगा."

एकेचाळीस वर्षांत हे वाक्य मी कोणत्याही गिऱ्हाइकाला म्हटले नव्हते. सूर लावून झाला की झाला. त्यावर दुसऱ्याचे मत मी घेत नसे. अक्कांना ते ठाऊक होते. तो गंधार त्यांनी गळ्यातून लावला, पेटीच्या सुरावर ठेवला आणि बराच वेळ तसाच धरला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझाच आहे."

मी त्यांना सांगितले की दुकान राहील, पण एका अटीवर. यापुढे मी लावलेली कोणतीही पेटी दुसऱ्या कानाने ऐकल्याशिवाय बाहेर जाणार नाही. माझा एक कान खरे सांगतो. दुसरा स्वतःचेच बोलत असतो आणि तो काय बोलेल याची हमी मला देता येत नाही. गिऱ्हाइकाने स्वतः येऊन ऐकावे.

"तुमच्या गिऱ्हाइकांना कुठे ऐकू येतं, अण्णा? निम्म्यांना पेटीचा आवाज मोठा हवा असतो."

"मग तुम्ही या."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "सरी, ठीक आहे. बुधवारी येत जाईन. पण त्या शेजारच्याचा चहा मी पिणार नाही. आणि मी चूक म्हटलं की चूक. तोंड पाडायचं नाही."

पुढच्या बुधवारी त्या आल्या. टेबलावर एका भजनी मंडळाची पेटी होती. त्यांनी दोन सूर पुन्हा घासायला सांगितले. एक मी मान्य केला. दुसऱ्यावरून आम्ही अर्धा तास वाद घातला.